मिग-21बिस : सात महिने उडवल्यानंतर

हा अनुभव संगणकावरच्या विमानाचा आहे, हे आधीच सांगते. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमधलं मिग-21बिस, म्हणजे मिग-21 या लढाऊ विमानाचा एक प्रकार, मी ऑक्टोबरात घेतलं. त्याआधी 26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलाने चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो सोहळा आम्ही मुलुंडच्या घरी टीव्हीवर पाहिला. शेजारी मामा बसला होता. त्याची उमेदीची वर्षं ओझरच्या कारखान्यात याच विमानांच्या जोडणीत गेली. सोहळा संपला तरी तो बराच वेळ जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात मी लॅमिंग्टन रोडला जाऊन जॉयस्टिक घेऊन आले. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन-चार रात्री या विमानासोबत जातात.

पहिले पंधरा दिवस मी धावपट्टीपर्यंतसुद्धा धड पोचत नव्हते. याचं पुढचं चाक पायाने वळत नाही, ते मोकळं फिरतं. वळायचं असेल तर स्टिकवरची ब्रेकची मूठ दाबायची आणि सोबत रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल द्यायचं, म्हणजे एका बाजूचं चाक धरतं आणि विमान तिकडे फिरतं. ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा टाकीत मोजकीच असते. नवखा माणूस सारखा ब्रेक दाबत राहतो आणि परत येईपर्यंत हवेचा काटा खाली आलेला असतो. थोडं दाबायचं, सोडायचं, विमानाला स्वतःहून वळू द्यायचं, हे हाताला बसायला वेळ लागतो.

उड्डाण मात्र पहिल्याच दिवशी प्रेमात पाडतं. याचं आर-25 इंजिन आफ्टरबर्नरवर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून, जवळपास 7 टनांचा रेटा देतं. त्याच्यावर तातडीचा आणखी एक टप्पा आहे. खालच्या उंचीवर तो लावला की रेटा पावणेदहा टनांच्या वर जातो, पण फक्त 3 मिनिटांसाठी. नाक वर धरलं की उंचीचा काटा डोळ्याला सापडत नाही. कागदावर चढण्याचा वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास लिहिलेला असतो आणि हलक्या विमानात तो खरा वाटतो. पुढे 11-12 किलोमीटरवर विमान सरळ धरून वेग वाढू द्यायचा. नाकातला शंकू आपोआप पुढे सरकत जातो, इंजिनाला हवी तशी हवा मिळत राहते आणि वेगाचा काटा ध्वनीच्या दुपटीला टेकतो. त्या वेगाने विरार ते चर्चगेट हे 60 किलोमीटर दोन मिनिटांच्या आत संपतात. त्यानंतर इंधनाच्या काट्याकडे बघावं लागतं, कारण तोवर परतीपुरतंच उरलेलं असतं.

या विमानाची सगळी ओळख त्या इंधनाच्या काट्यात आहे. सुरुवातीला मी त्याच्याकडून चारही बाजूंनी लढणाऱ्या आधुनिक विमानाचं काम मागत होते आणि रोज हरत होते. हे अडवणारं विमान आहे. जमिनीवरचं रडार शत्रूला पाहणार, नियंत्रक रेडिओवर दिशा आणि उंची सांगणार, वैमानिक सरळ वर जाऊन त्याला गाठणार, क्षेपणास्त्र सोडणार आणि घरी परतणार. एवढ्याच धावेसाठी ते घडवलंय. नाकातल्या शंकूत मावेल तेवढंच रडार असल्यामुळे त्या आरपी-22 रडारची नजर फार लांबची नाही. त्यातही लक्ष्य जमिनीलगत उडत असेल तर ते जमिनीच्या प्रतिध्वनीत बुडून जातं. मागे बघायला जागा नाही, समोर जाड काचेच्या चौकटी. एकट्याने आकाशात शिकार शोधायला निघालात तर अर्धं आकाश दिसतच नाही. नोव्हेंबरात ठाण्याचा एक मित्र नियंत्रक व्हायला तयार झाला. तो नकाशा बघून दिशा, अंतर, उंची सांगतो, मी नुसती पाळते. त्या रात्रीपासून विमान बदलल्यासारखं वाटलं. बदल विमानात झाला नव्हता, त्याच्यासोबत असायलाच हवा होता तो माणूस आता होता.

वळणांच्या लढाईत उतरायचं असेल तर पहिल्याच वळणात काम उरका. 57 अंश मागे झुकलेले त्रिकोणी पंख, टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 7.15 मीटर. स्टिक ओढली की नाक झटकन फिरतं, शत्रू समोर येतो आणि त्याच क्षणी वेग भसाभस उतरतो. दुसऱ्या वळणात तुमच्याकडे काही उरत नाही. अँगल ऑफ अटॅकचा (समोरच्या हवेशी पंख किती कोनात आहेत त्याचा) काटा लाल भागाकडे गेला तरी पंख एकदम साथ सोडत नाहीत, त्यामुळे माणूस आणखी ओढत राहतो आणि विमान नाक वर ठेवूनच खाली बसत जातं. फिरकी लागली, म्हणजे विमान ताबा सुटून गरगरत खाली येऊ लागलं, तर समोरच्या पटावर उभी पांढरी रेघ रंगवलेली आहे. स्टिक त्या रेघेसमोर आणून धरायची, म्हणजे ती मध्यावर आली. जीव घाबरा झालेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही, हे ओळखून कोणीतरी ती रेघ ओढली. या कॉकपिटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच.

तोफेत 200 गोळ्या. जीएसएच-23 त्या चार सेकंदांच्या आत संपवते, म्हणून बोट टेकवायचं आणि उचलायचं. मिग-21 च्या आधीच्या एफएल प्रकारात तोफ अंगभूत नव्हती, पोटाखाली पेटी लावावी लागे. तरी 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर वैमानिक भरत भूषण सोनी यांनी एफएलमधूनच पाकिस्तानचं एफ-104 लढाऊ विमान तोफेने पाडलं. बिसला पुढे आर-60 हे विमानावरून विमानावर सोडायचं क्षेपणास्त्र मिळालं. 10 ऑगस्ट 1999 ला कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान आपल्या मिग-21 ने त्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. सिम्युलेटरमध्ये आर-60 जवळून आणि मागून सोडलं तर भरवशाचं आहे.

आता उतरण्याबद्दल. माझे निम्म्याहून जास्त अपघात उतरताना झाले. धावपट्टीकडे येताना वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, टेकताना अडीचशेच्या वर. इतक्या छोट्या पंखांना कमी वेगात तोलायला फ्लॅपवरून (पंखांच्या मागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवरून) इंजिनाची दाबलेली हवा फुंकली जाते, त्याला एसपीएस म्हणतात. म्हणजे पंखांची उचल इंजिनाच्या फेऱ्यांवर टांगलेली. मला हे वाचून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. डिसेंबरात मामा आला आणि मागे खुर्ची टाकून बसला. मी पट्टीच्या तोंडाशी सवयीने थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतला आणि विमान दगडासारखं खाली आलं. मामा म्हणाला, "अगं, हवा कापलीस तू त्याची. टेकेपर्यंत इंजिन जिवंत ठेव." पुढच्या पाच प्रयत्नांत तीन नीट झाले. चाकं टेकली, नाक खाली आलं, शेपटीच्या बुडाशी वेग रोखणारी छत्री उघडली, की मगच श्वास सोडायचा.

अपघातांमुळे मिग-21 ला लोक "उडती शवपेटी" म्हणतात, म्हणूनच तो शब्द आता मला सहन होत नाही. गेलेल्या वैमानिकांची घरं आहेत, ते दुःख कुणाला नाकारता येणार नाही. पण हे विमान एकाच चुकीची किती मोठी किंमत घेतं, हे उतरताना रोज कळतं. आपली मुलं किरणसारख्या सौम्य प्रशिक्षण विमानावर शिकून थेट याच्यावर येत होती. मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं, असं हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने 1982 मध्येच सांगितलं होतं. तसं विमान, हॉक, दाखल झालं 2008 मध्ये. ती 26 वर्षं मोजल्याशिवाय दोष नुसत्या यंत्रावर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. माझ्या खुर्चीत शरीरावर भार येत नाही, चुकल्यावर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते, तरी हात घामाने ओले होतात.

घ्यायचं ठरवलंत तर पैसे आधी पेडलवर घाला, जॉयस्टिक मध्यम चालेल. मी उलटं केलं. शिवाय पहिल्या जॉयस्टिकचा थ्रॉटल दोन महिन्यांत अडकायला लागला आणि दुकानदाराने बदलून दिला नाही, म्हणून बिल आणि हमीचा कागद जपून ठेवा. पहिला महिना शस्त्रं लावूच नका. नुसतं निघा, एक चक्कर मारा, उतरा. आणि नकाशा बघून दिशा सांगणारा एक माणूस शोधून ठेवा. मामाने मार्चपासून ते काम घेतलंय, रविवारी दुपारी, नाशिकहून फोनवर.