चित्र लख्ख, आवाज गायब : विकतच्या व्हिडिओ कन्व्हर्टरचा काही महिन्यांचा अनुभव

हा कन्व्हर्टर, म्हणजे व्हिडिओचा प्रकार बदलून डिस्क बनवून देणारं सॉफ्टवेअर, मी दिवाळीच्या सवलतीत घेतला. घरातल्या मिनी-डीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या) टेप, म्हणजे 2003 चा सिंहस्थ, रामनवमीनंतरच्या कामदा एकादशीचा रथोत्सव, मुंजी, लग्नं, सगळं डिस्कवर आणायचं होतं. आत्या नाशिकला पंचवटीत राहते. तिला मोबाइलवर बघवत नाही, पण डीव्हीडी प्लेअरचा रिमोट तिला पाठ आहे. म्हणून डिस्क, पेनड्राइव्ह नाही.

सुरुवातीला मी खूष होतो. मेनू देखणे, जुन्या चित्रणात हलत्या माणसांच्या कडांना जे दाते दिसतात तेही नीट काढलेले. मग आत्याचा फोन आला : "अरे, रथ दिसतोय रे, पण ढोल कुठे गेले?"

आधी नेहमीची तपासणी. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना घट्ट होत्या, आणि विकत आणलेली डिस्क त्याच प्लेअरवर खणखणीत वाजत होती. म्हणजे दोष आमच्याच डिस्कमध्ये. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने डिस्क उघडून ‘ऑडिओ टीएस’ फोल्डर रिकामा दाखवला आणि आवाज बर्नच झाला नाही, म्हणजे डिस्कवर लिहिलाच गेला नाही, असं सांगितलं. हे साफ चूक आहे. तो फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी असतो, व्हिडिओ डीव्हीडीत तो रिकामाच राहतो. आवाज असतो ‘व्हिडिओ टीएस’मधल्या व्हीओबी फाइलींत, चित्राबरोबरच. तो फोल्डर रिकामा दिसला म्हणून कुणी तुम्हाला नवा रायटर (डिस्क लिहिणारं यंत्र) विकत असेल तर घेऊ नका.

कंपनीच्या मदत केंद्राशी ईमेलवर बरेच दिवस गेले. त्यांचं उत्तर ठरलेलं : नवी आवृत्ती घ्या, नाहीतर प्लेअर बदला. मी दोन्हीही केलं नाही. फाइलीतलं चित्र आणि आवाज कोणत्या प्रकारचे आहेत ते दाखवणारं मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं आणि प्रत्येक फाइल त्यात उघडून पाहिली. तेव्हा कळलं की दुखणं एक नाही, दोन आहेत.

पहिलं टेपचं. फायरवायर केबलने टेप संगणकावर उतरवताना दोन प्रकारची एव्हीआय फाइल बनू शकते. टाइप-1 मध्ये आवाज डीव्हीच्या प्रवाहातच मिसळलेला असतो, टाइप-2 मध्ये त्याची वेगळी पट्टी असते. माझ्या फाइली टाइप-1. या कन्व्हर्टरला त्यात वेगळी पट्टी सापडली नाही, आणि त्याने काही न बोलता मुकी डिस्क बनवून दिली. शिवाय मिनी-डीव्हीत 12 बिटचा पर्याय असायचा, त्यात आवाज 32 किलोहर्ट्झवर नोंदवला जातो. डीव्हीडी-व्हिडिओला किमान 48 लागतात. सिंहस्थाच्या टेप नेमक्या तशाच निघाल्या.

दुसरं मोबाइलवरच्या व्हिडिओंचं. त्यांतला आवाज बहुतेक वेळा एएसी नावाच्या प्रकारात साठवलेला असतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत एएसी नाही. तिथे एसी-3, पीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा एमपी2 यांपैकी एक प्रकार लागतो. एव्हीआय फाइली नुसत्या डेटा डिस्कवर टाकल्या तरी जुने प्लेअर बहुधा एमपी3 नाहीतर एसी-3च वाजवतात. माझ्या कन्व्हर्टरने एव्हीआय बनवताना एएसी तसाच आत ठेवला होता. लॅपटॉपवर व्हीएलसी हे सॉफ्टवेअर काहीही वाजवतं, त्यामुळे तिथे आवाज यायचा आणि आत्याकडे नाही.

माझा सगळा राग एका खिडकीवर आहे. एक्सपोर्टच्या पानावर चित्रासाठी बिटरेट, फ्रेमरेट, रुंदी, उंची असे डझनभर रकाने, आणि आवाजापुढे फक्त ‘ऑटो’. काय ठरवलं हे दाखवत नाही, पट्टी सापडली नाही तर इशारा देत नाही. बर्न संपलं की हिरवी खूण. पैसे घेऊन विकलेल्या वस्तूने एवढं तरी सांगायला हवं की भाऊ, या डिस्कला आवाज नाही. ही ओळ असती तर एवढ्या कोऱ्या डिस्क कचऱ्यात गेल्या नसत्या.

उपाय फुकटात मिळाला. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारची डीव्ही फाइल वाचतं. त्याला टार्गेट म्हणून ‘पाल-डीव्हीडी’ (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही-पद्धत) दिलं की 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, एमपेग-2 चित्र आणि 48 किलोहर्ट्झचा एसी-3 आवाज असं सगळं तेच लावतं. आवाज 448 केबीपीएसवर (सेकंदाला इतके किलोबिट) जातो. स्टीरिओला मी तो 192 वर आणतो, तासाला साधारण 86 एमबी. पीसीएम ठेवला तर तासाला जवळपास 690 एमबी, म्हणजे 4.7 जीबीच्या डिस्कमधली जागा उगाच जाते. अमेरिकेतल्या नातेवाइकांना डिस्क पाठवणार असाल तर एमपी2 टाळा, तिथल्या प्लेअरवर त्याची खात्री नाही. एसी-3 दोन्हीकडे चालतो.

आता थोडं मत बदललंय, ते सांगायलाच हवं. ही तयार एमपेग-2 फाइल त्याच विकतच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून ‘पुन्हा एन्कोड करू नका’वर खूण केली की तो मेनू आणि चॅप्टर फार सुरेख बांधतो, आवाज जसाच्या तसा राहतो. या कामासाठी मी तो ठेवलाय. पण केवळ मेनूसाठी एवढी किंमत मोजू नका. डीव्हीडीस्टाइलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या मेनूला पुरतं.

आणखी एक, पैसे वाचवणारं. पहिली प्रत नेहमी डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर) काढा. प्लेअर ती वाचतो याची एकदा खात्री करून घ्या. ज्याच्या घरी डिस्क जाणार त्याच्याच प्लेअरवर ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून ऐका, मगच एकदाच लिहिता येणारी कोरी डिस्क घाला. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते. माझी एकच डिस्क अजून चालू आहे.

पुढचा सिंहस्थ जवळ आलाय, जुनी चित्रणं काढायची लगबग घरोघरी सुरू होईल. टेप उतरवतानाच टाइप-2 निवडा आणि मूळ एव्हीआय पुसू नका. तासाला 13 जीबी लागतात, तरी ठेवा. माझ्याकडे त्या होत्या म्हणून रथापुढचे ढोल परत मिळाले. कन्व्हर्टरला पाचपैकी दोन तारे, दोन्ही मेनूचे.