फोंड्याजवळच्या पाटी नसलेल्या गॅरेजमध्ये तीन पावसाळे

गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, पाटी नसलेले एक गॅरेज आहे. पावसाळ्याचे चार महिने स्पोर्ट्स कार सांभाळून देण्याचे काम तेथे होते आणि २०२३ पासून सलग तीन पावसाळे माझी २०१० सालची ऑडी टीटी मी त्यांच्या ताब्यात दिली आहे. तेथे एका वेळी आठच गाड्या मावतात, त्यामुळे गॅरेजचे नाव लिहू नये अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. फोंड्यात जुन्या जर्मन गाड्यांची चौकशी केली की पत्ता सहज मिळतो.

माझे राहणे करंझाळेला, समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर. इमारतीखाली छप्पर असलेली जागा आहे, पण छप्पर पाऊस अडवते, खारी हवा अडवत नाही. त्यात या पिढीच्या टीटीचा सांगाडा मिश्र धातूंचा आहे: वजनाने सुमारे ६९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेले पोलाद, तेही मुख्यतः मागच्या तळपत्र्यात, दारांत आणि डिकीच्या झाकणात. दोन वेगळे धातू जेथे एकमेकांना भिडतात तेथे कारखान्यात मध्ये गोंद आणि लेप दिलेला असतो. तो लेप कोठे फाटला आणि त्या फटीत मिठाचे पाणी शिरले, की त्या जागी जणू एक छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. लोखंडाचा तांबडा गंज निदान दिसतो, अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी मात्र रंगाखाली फोड आल्यावरच लक्षात येते. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीजवळ असा एक फोड आला, तेव्हा मी या गॅरेजचा रस्ता धरला.

पहिल्या भेटीत मालकांनी माझे काम घेण्यास चक्क नकार दिला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मूल्य त्या नकारात आहे. त्याआधी, २०२१ मध्ये, दुसऱ्या एका ठिकाणी मी गाडीच्या तळाला जाड काळे रबरी कोटिंग मारून घेतले होते आणि त्यावर समाधानी होतो. मालकांनी गाडी लिफ्टवर घेतली, पेचकसाच्या टोकाने ते कोटिंग एका जागी उचकटले, आणि आतून ओली तांबडी माती बाहेर आली. तळ पुरता धुऊन, वाळवून घेण्यापूर्वीच कोटिंग मारले गेल्यामुळे ओल आत कोंडली गेली होती. ‘‘साहेब, हे सगळं काढल्याशिवाय मी यावर काहीच मारणार नाही,’’ एवढेच ते म्हणाले. कोटिंग खरवडण्यात नऊ दिवस गेले. त्यानंतर गंजलेले भाग उघडे करून त्यांवर प्रायमर दिला गेला, पोकळ भागांत लांब नळीने पातळ मेण फवारले गेले आणि तळाला लोकरीच्या चरबीपासून बनणाऱ्या लॅनोलिनचा पारदर्शक थर दिला गेला. हा थर दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो, हाताला चिकटतो आणि दिसायलाही सुंदर नाही, परंतु त्याखाली काय चालले आहे ते दिसते. काळ्या कोटिंगच्या तुलनेत मला हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

प्रत्यक्ष साठवणुकीची पद्धत साधी आहे, पण ती दररोज पाळली जाते. शेडमध्ये डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओल काढून घेणारे यंत्र, चालतो आणि आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो; जुलैमध्ये बाहेर ती ९० टक्क्यांच्या घरात असते, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. भिंतीवर आर्द्रतामापक आहे आणि त्याचे आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिले जातात. बॅटरीला स्वयंचलित चार्जर जोडलेला असतो, कारण अलार्म आणि संगणक बंद गाडीतही थोडा थोडा प्रवाह ओढत राहतात आणि १२.४ व्होल्टच्या खाली फार दिवस राहिलेली बॅटरी पूर्वपदाला येत नाही. हँडब्रेक ओढत नाहीत, चाकांना लाकडी अडण्या लावतात, नाहीतर पॅड डिस्कला धरून बसतात. टाकी आधीच काठोकाठ भरून घेतली जाते, जेणेकरून आत दमट हवेला कमी जागा उरावी. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे ही काळजी पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे. प्लास्टिकचे कव्हर तेथे कोणत्याही गाडीवर दिसणार नाही, श्वास घेणारे सुती कापड तेवढे असते.

माझा एक जुना समज येथे मोडीत निघाला. उभी गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सुरू करून ठेवावी, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि मीही अनेक वर्षे ते करत होतो. प्रत्यक्षात पाच मिनिटांत इंजिनचे तेल पुरेसे तापत नाही, जळणातून निर्माण झालेले पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठते, आणि बॅटरीतून जेवढे खर्च झाले तेवढेही परत भरत नाही. येथे त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा, पाऊस उघडलेला पाहून, गाडी बाणस्तारीपर्यंत नेऊन आणतात. परत आल्यावर तळ साध्या पाण्याने धुतात आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच गाडी शेडमध्ये घेतात. प्रत्येक फेरीचे किलोमीटर वहीत नोंदवलेले असतात, त्यामुळे माझ्या गाडीतून कोणी हौस भागवून घेत असेल ही शंका मी पहिल्याच वर्षी मनातून काढून टाकली.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत ते फार आग्रही आहेत. हे तेल हवेतील ओल शोषते; डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर ओल शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, परंतु बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ पडल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि दोष गाडीचा नसून चार वर्षे तेल न बदलणाऱ्या माझा होता. आता दर दोन वर्षांनी ते बदलले जाते. टायरच्या कडेवरचे चार अंकही त्यांनीच मला वाचायला शिकवले: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या टायरची नक्षी उत्तम होती, पण रबर आठ वर्षांचे झाले होते.

इंजिनच्या व्हॉल्व्हवर साठणारा कार्बन अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने साफ करण्याची पद्धत मी वाचली होती. गोव्यात एवढा काजू असताना अक्रोड कशाला, असे मी गमतीने विचारले, तर काजूच्या टरफलातील तेलाने हात भाजतात हे ठाऊक नाही का, असे उत्तर मिळाले. अर्थात गाडी व्यवस्थित ओढत असताना त्या साफसफाईची आताच गरज नाही, हेही त्यांनीच सांगितले.

उणिवा आहेत. चामड्याच्या सीटकडे त्यांचे लक्ष कमी असते. पहिल्या वर्षी गाडी परत घेतली तेव्हा सीटबेल्टच्या पट्ट्यावर बुरशीचे ठिपके होते. वीज गेल्यावर जनरेटरवर फक्त दिवे चालतात, त्यामुळे वहीत काही रात्रींपुढे ८० टक्के असे आकडे दिसतात. ते लपवले नाहीत याचे कौतुक आहे, पण त्यावर उपाय तीन वर्षांत झालेला नाही. फोन उचलला जाईलच याची खात्री नसते. सुटे भाग वेळेवर येत नाहीत, आणि २०२३ मध्ये टीटीचे उत्पादनच थांबल्यामुळे ही अडचण वाढत जाणार आहे. दारांची रबरे आणि एक हेडलाइट मी आताच घेऊन ठेवला आहे.

चार महिन्यांचे ३६,००० रुपये आणि लॅनोलिनचे वेगळे, असा मागच्या वर्षीचा हिशेब होता. रक्कम थोडी नाही. मात्र २०२५ मध्ये गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करण्याची वेळ आली, तेव्हा आरटीओतील तपासणीत तळाबद्दल एकही शेरा आला नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर गाडी परत मिळते, आणि पुढच्या पावसाळ्याची जागा एप्रिल संपण्यापूर्वी स्वतः कुर्टीला जाऊन सांगून यावी लागते.