द्विशिक्षकी शाळेत टीव्ही घ्यावा की टॅब?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचा पट ६० पर्यंत असला की शिक्षक दोन. पहिली ते चौथीच्या शाळेत म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन इयत्ता, आणि त्याही एकाच खोलीत. लोकवर्गणी जमली किंवा ग्रामपंचायतीनं निधी द्यायचं कबूल केलं की अशा शाळेत हमखास निघणारा प्रश्न: भिंतीवर ४३ इंची टीव्ही लावायचा, की चार-पाच टॅब घ्यायचे? एका शिक्षकाकडे एकच इयत्ता असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथं टीव्ही घ्या आणि मोकळे व्हा.

पैशांचं गणित टीव्हीच्या बाजूनं आहे. एका बऱ्यापैकी टीव्हीच्या किमतीत दोन, फार तर तीन टॅब बसतात. टीव्ही एकदा भिंतीला ठोकला की रोज वाटायचा-गोळा करायचा नाही, मोजायचा नाही. गाणी, कविता, गोष्टी यांना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी पेन ड्राइव्हवर घेऊन लावल्या तर पहिली-दुसरीची पोरं एकत्र वाचतात, आणि तिथं दोन इयत्ता असण्याची अडचण उलट फायद्याची ठरते. लावताना एवढं बघा: खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर नको, नाहीतर दुपारी पडद्यावर खिडकीच दिसते. मुलं सतरंजीवर बसतात, म्हणून पडद्याचा मध्य जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर पुरे. त्याहून वर नेला की पुढच्या रांगेच्या माना अवघडतात. बालभारतीच्या पुस्तकाचं पीडीएफ लावायचं तर अर्धं पान मोठं करून दाखवा. अख्ख्या पानावरची अक्षरं मागच्यांना लागत नाहीत.

इथवर टीव्हीच बरा वाटतो. पण तो एका इयत्तेपुरता लावता येत नाही.

तिसरीला अपूर्णांक दाखवायचे आणि त्याच वेळी चौथीनं भागाकार सोडवायचे, असं नियोजन कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पडदा लागला की चौथीच्या पेन्सिली थांबतात. आवाज कमी केला तर तिसरीला ऐकू येत नाही, आणि ऐकू येण्याइतका ठेवला तर चौथी ऐकतेच. चौथीला पाठमोरं बसवलं तर माना वळतात. व्हरांड्यात बसवलं तर त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? यात मुलांचा काही दोष नाही, हलणाऱ्या चित्राकडे मोठी माणसंही बघतात. पण बहुवर्ग अध्यापनात शिक्षकाची खरी गरज असते ती एका इयत्तेला वीस मिनिटं गुंतवून ठेवून दुसरीला शिकवण्याची. नेमकी तीच गरज टीव्ही भागवत नाही. माझ्या लेखी तराजू फिरला तो इथंच. कुणाच्या शाळेत मध्ये पार्टिशन असेल, तर त्यांचं मत वेगळं असू शकतं.

टॅब हे काम करतो, पण फुकट करत नाही. त्याची किरकिर रोजची आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी.

आधी संख्या. जास्त पटाच्या इयत्तेच्या निम्मे आणि वर एक जादा. आठ मुलं असतील तर पाच टॅब. दोघांत एक टॅब ठीक चालतो, मुलं एकमेकांना समजावतात आणि भांडतातही. तिघांत एक दिला की तिसरा नुसता बघत राहतो. टॅबच्या पाठीवर ऑइल पेंटनं नंबर टाका आणि जोडीचा नंबर वर्षभर बदलू नका, म्हणजे वाटायला दोन मिनिटांच्या वर लागत नाहीत. आवाज शून्यावर ठेवा. मुलांकडून मोठ्यानं वाचून घेणारी अ‍ॅप याच कारणानं वर्गात नकोत: शेजारच्या इयत्तेचे पाढे माइकमध्ये शिरतात आणि बरोबर वाचलेलंही चूक ठरतं. त्यांना सकाळची व्हरांड्याची वेळ द्या. वर्गात सरावाची मुकी अ‍ॅप चालवा. जीकॉम्प्री हे मुलांच्या खेळ-सरावाचं अ‍ॅप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि एकदा घेतलं की नेटशिवाय चालतं. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा आशय आधीच उतरवून मेमरी कार्डावर ठेवा. पुस्तकातला क्यूआर कोड कॅमेऱ्यानं धरला नाही तर त्याच्याखालचा सहा अक्षरांचा कोड टाइप केला तरी चालतो.

टिचक्या मारणं ही मोठी खोड. चार पर्याय दिसले की मुलं एकेक दाबत जातात आणि हिरवं आलं की पुढं सरकतात. दहा मिनिटांत तीस प्रश्न संपतात, शिकणं शून्य. म्हणून पर्याय निवडण्याऐवजी आकडा टाइप करायला लावणारी अ‍ॅप निवडा. ते जमलं नाही तर उत्तर आधी वहीत, मग टॅबवर, असा दंडक घाला. दुसऱ्या इयत्तेकडून मोकळे झालात की वही बघितल्यावर कोण कुठं अडलं ते कळतं. टीव्हीसमोर पुढची रांगच सगळ्यांच्या वतीनं उत्तर देते.

मुलं अ‍ॅपमधून बाहेर पडून कॅमेऱ्यात शिरतात. सुरक्षा सेटिंगमध्ये अ‍ॅप पिन करायची, म्हणजे पडद्यावर तेवढं एकच अ‍ॅप अडकवून ठेवायची सोय असते, ती चालू करा आणि 'अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा' हेही चालू करा. नुसतं पिन केलं तर दोन बटणं धरून बाहेर पडायची युक्ती चौथीच्या मुलांना दुसऱ्या दिवशी सापडते. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद ठेवा. पाच टॅब हॉटस्पॉटला जोडले आणि प्रत्येकानं ४०० एमबी ओढले की दिवसाचा २ जीबी डेटा प्रार्थनेच्या आत संपतो.

टॅबवरचं गूगल खातं मात्र शाळेच्या नावानं उघडा, शिक्षकाच्या खासगी जीमेलवर नको. टॅब अडकला म्हणून कुणी बटणं दाबून रीसेट केला, तर सुरू होताना तो जुनंच खातं मागतो. तोवर त्या शिक्षकाची बदली झालेली असते आणि पासवर्ड त्यालाही आठवत नसतो. पासवर्ड लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

चार्जिंगचं भय वाटतं तेवढं खरं नाही. १० वॅटच्या चार्जरवर ५००० एमएएचची बॅटरी रिकामीपासून भरायला तीनेक तास लागतात. पोषण आहाराच्या सुट्टीत लावले की शाळा सुटेपर्यंत होतात. रात्रभर लावून जाऊ नका. उभे ठेवायला स्टीलचं ताटाळं उत्तम: हवा खेळते, वायरी गुंतत नाहीत. शिवाय भारनियमनात टीव्ही बंद पडतो, टॅब चालतात.

खरा धोका उन्हाळी सुट्टीचा. दहा टक्क्यांवर चालू ठेवलेला टॅब दीड महिन्यात पार रिकामा होतो, आणि मग बॅटरी कधीकधी उठतच नाही. विदर्भात शाळा आणखी उशिरा उघडतात, तिथं तर जास्तच. सुट्टीआधी निम्म्यावर चार्ज करून पूर्ण बंद करा आणि पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. जूनमध्ये सुरू झाला नाही तर मेला म्हणण्याआधी तासभर चार्जरवर ठेवून बघा. पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्ज करू नका, दाबूही नका, बाजूला काढा.

टॅब फुटतो, हेही धरून चाला. तरी एक फुटला तर चार उरतात. टीव्हीचा पॅनल गेला की सगळंच गेलं. अवघड असतं ते निर्लेखन, म्हणजे मोडलेली वस्तू शाळेच्या नोंदीतून रीतसर कमी करणं. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदलेली वस्तू मोडली तर उत्तर कोण देणार, या धास्तीनं कित्येक ठिकाणी टॅब खोक्यातच राहतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सुरुवातीलाच ठराव करून घ्या की वापरताना झालेल्या मोडतोडीची वसुली शिक्षकाकडून होणार नाही. तो ठराव होत नसेल तर टीव्हीच घ्या, निदान चालू तरी राहील.

टीव्हीची एक बाजू शिल्लक आहे. जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही इयत्ता एकाकडे येतात, आणि त्या दिवशी पाच टॅब कुणालाच पुरत नाहीत. असे दिवस तुमच्याकडे किती येतात ते हजेरीवरून मोजा. महिन्याला चार-पाचच्या वर असतील तर माझा सल्ला थोडा सैल धरा. तेवढे नसतील तर पहिल्या सत्रात दोनच टॅब घ्या, चौथीच्या चार-चार मुलांना आळीपाळीनं देऊन बघा आणि उरलेले दिवाळीनंतर घ्या. बिल शाळेच्या नावानं घ्या, आणि ज्या टॅबचा चार्जर त्यालाच राहील असा त्यावरही नंबर टाका.