व्हेस्पा पीएक्स १२५: बरेच महिने रोज चालवल्यावर, आणि मुख्यतः तिच्या चाकाबद्दल

गेल्या आठवड्यात इथल्या एका वर्कशॉपवाल्याशी चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहायला घेतलं. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तेवढा बदलून द्या म्हटलं, तर म्हणे जुनी गाडी आहे, चाकामागचा ब्रेकचा ड्रम काढावा लागेल, कदाचित बदलावाच लागेल, दोन दिवस ठेवून जा, आणि जो आकडा सांगितला त्यात ट्यूबसकट दोन नवे टायर येऊन वर पैसे उरले असते. अहो, पीएक्सचा टायर बदलायला ड्रमला हातच लावावा लागत नाही! पाच नट, तेराचा पाना, चाक हातात. गाडी तशीच परत आणली, पेट्रोल कॉक बंद केला, उजव्या काउलखाली, म्हणजे बाजूच्या फुगीर पत्र्याखाली, जुनी गादी टाकून कलंडवली आणि पार्किंगमध्येच टायर बदलला. खर्च फक्त टायर आणि ट्यूबचा.

मी इटलीत पिसाला राहतो, कामाला पोंटेडेराला जातो, म्हणजे ज्या गावात ही गाडी बनली तिथेच रोज जाते. १९८० च्या दशकातलं आर्कोबालेनो मॉडेल, सेकंडहँड. घेतली ती पैशाचा हिशोब करूनच. तीस वर्षांवरच्या गाडीला इथे नेहमीचा वाहनकर नसतो, रस्त्यावर आणायची तर वर्षाला अगदी किरकोळ रक्कम भरायची. लिटरला तीसच्या वरखाली देते, दोन टक्के ऑइल पेट्रोलमध्ये आपणच मिसळायचं.

सुरुवातीचे काही आठवडे मात्र मी हिच्यावर वैतागलेलोच होतो, कारण पुढचा ब्रेक. ड्रम ब्रेक, जोरात दाबला की गाडीचं नाक खाली जातं आणि गाडी थांबते ती तिच्या मर्जीने. मोंते सेर्रा ९१७ मीटरचा डोंगर आहे, तिथून काल्चीकडे उतरताना खरंच घाम फुटला होता, आणि नुसती गिअरमध्ये सोडून उतरावं तर टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, रेस बंद असली की तेही पुरेसं मिळत नाही, म्हणून मधेमधे रेस द्यावी लागते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. नवे ब्रेक शू आणि नवी वायर टाकल्यावर फरक पडला. आजच्या डिस्कसारखा ब्रेक नाहीच, पण पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवलं तर पुरतो. आता ब्रेकवरून मी मार्क कापणार नाही.

आता चाक. मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते चाकच, इंजिनापेक्षा, त्या गोल बॉडीपेक्षाही. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा दांडा, एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू पूर्ण मोकळी. मोटरसायकलसारखा अ‍ॅक्सल ओढून काढायचा, स्पेसर सांभाळायचे, चेन सैल करायची, यातलं काहीच नाही. पुढचं आणि मागचं चाक एकच, स्टेपनीही तीच, त्यामुळे तीन टायर आलटून पालटून शेवटपर्यंत झिजवता येतात, मागचा झिजला की तो पुढे, पुढचा स्टेपनीला. रस्त्यात पंक्चर झालं तर हात काळे होतात तेवढंच, कुणाला फोन करावा लागत नाही.

आणि हे काही योगायोगाने झालेलं नाही. ज्याने पहिली व्हेस्पा काढली तो कोराडिनो दास्कानिओ विमानांचा इंजिनिअर, १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरने हवेत पावणेनऊ मिनिटं राहून विक्रम केला होता. त्याला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही. बसायला अवघड, चेनने कपडे खराब होतात, आणि पंक्चर झालं की चाक काढायचा ताप, या त्याच्या तक्रारी होत्या. पोंटेडेराचा पियाजिओचा कारखाना विमानं बनवायचा, युद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला, आणि एन्रिको पियाजिओला लोकांना परवडेल असं काहीतरी दुचाकी हवं होतं. पहिला नमुना एमपी५, ज्याला पापेरिनो म्हणायचे, त्यात मधे उंचवटा होता, पाय टाकून ओलांडावं लागायचं, तो पियाजिओला पटला नाही. मग दास्कानिओने कोऱ्या कागदावर सुरुवात केली. चेन काढून टाकली, इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलं, वेगळी चौकट न ठेवता पत्र्याच्या बॉडीलाच चौकट केलं, गिअर हँडलवर घेतला, आणि पुढचं चाक विमानाच्या लँडिंग गिअरसारखं एकाच बाजूने धरलं. २३ एप्रिल १९४६ ला पेटंटचा अर्ज गेला. त्या ९८ सीसीच्या पहिल्या व्हेस्पापासून माझ्या पीएक्सपर्यंत (पीएक्स आली १९७७ ला) बरंच काही बदललं, चाक एका बाजूने धरायची ही कल्पना मात्र तशीच आहे.

या रचनेची किंमतही आहे हे सांगायला हवं. इंजिन उजवीकडे, त्यामुळे वजन त्या बाजूला जातं. पीएक्समध्ये स्टेपनी डाव्या काउलच्या आत बसवली आहे, थोडा तोल तिथे सांभाळला जातो, म्हणून वजन कमी करायला स्टेपनी काढून फिरणाऱ्यांचं मला कळत नाही. लॅम्ब्रेटावाले या मुद्द्यावर नेहमी भांडतात आणि त्यांचं बरोबर आहे, इनोचेंतीने १९४७ ला मिलानमध्ये लॅम्ब्रेटा काढली ती पाइपच्या चौकटीवर, इंजिन मधोमध. सरळ रस्त्यावर ती जास्त स्थिर. पण मित्राच्या लॅम्ब्रेटाचं पुढचं चाक काढताना मी मदतीला होतो, दोन्ही बाजूंनी फोर्क, अ‍ॅक्सल काढा, परत बसवताना सगळं जुळवा. तेव्हाच माझ्यापुरता वाद संपला.

बाबांनी सांगलीला वर्षानुवर्षं चेतक चालवली. त्यांना व्हिडिओ कॉलवर मोकळं चाक दाखवलं तर पहिला प्रश्न, "अरे, रिम उघडायच्या आधी हवा काढलीस ना?" चेतकही याच घराण्यातली, बजाजने आकुर्डीला पियाजिओच्या लायसन्सवर व्हेस्पा बनवली, १९७१ ला करार संपला आणि १९७२ ला चेतक आली. आणि मला सगळ्यात आनंद कशाचा झाला सांगू? स्टेपनीचा टायर काढला तर आतली रिम एलएमएलची निघाली! या कंपनीच्या गाड्या कानपूरला पीएक्सच्याच धर्तीवर बनायच्या, त्यांची स्टार नावाची स्कूटर पुढे इटलीतही विकली गेली, तिचे बरेच पार्ट इथल्या पीएक्सला सरळ बसतात आणि बऱ्याचदा स्वस्तही मिळतात. पोंटेडेराच्या गाडीत कानपूरची रिम, आणि किती वर्षं निमूट चालली असेल.

बाबांचा प्रश्न मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिम दोन अर्ध्यांची असते. चाक ड्रमला धरणारे पाच नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर रिम उडून तोंडावर येऊ शकते. व्हॉल्व्हची पिन काढा, दाबून हवा पूर्ण गेली याची खात्री करा, मगच पाना लावा.

घ्यायचा विचार असेल तर रंग आणि क्रोम नंतर बघा, आधी दोन्ही ड्रमचे स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आटेवाले बोल्ट, बघा. आधीच्या मालकाने वाकडे नट आवळून आटे मारले असतील तर चाक बदलायची सगळी सोय गेली, आणि मग खरंच ड्रम बदलावा लागेल. फ्लोअरबोर्डखालचा पत्रा चाचपा, तिथेच गंज धरतो आणि पत्रा हीच चौकट असल्यामुळे तो खर्च मोठा. स्टेपनीत हवा आहे का तेही विक्रेत्यासमोरच तपासा, माझ्या गाडीत घेतली त्या दिवशी अजिबात नव्हती.