एक मोकळा दिवस: ब्रातिस्लाव्हा की ल्युब्लियाना?

व्हिएन्ना आखून होते, प्राग होते, बुडापेस्ट किंवा व्हेनिसची तिकिटे निघतात आणि तरीही वेळापत्रकात एक दिवस मोकळा उरतो, तेव्हा एखादी छोटी राजधानी पाहून घ्यावी असा विचार बहुतेकांच्या मनात येतो. अशा वेळी स्लोव्हाकियाची ब्रातिस्लाव्हा आणि स्लोव्हेनियाची ल्युब्लियाना ही दोन नावे हमखास पुढे येतात. नावांच्या सारखेपणामुळे होणारा या दोन देशांचा घोटाळा आमच्या घरातही बरेच दिवस चालू होता. पहिल्या सहलीत आम्ही सप्टेंबर महिन्यात ब्रातिस्लाव्हा पाहिली, तर पुढच्या वर्षी मे महिन्यात ल्युब्लियाना. दोन्ही वेळा पत्नी आणि आई बरोबर होत्या. आईने तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि तिचे गुडघे कुरकुरत असले तरी उत्साह दांडगा होता. दोन्हींकडे युरो चालतो आणि एकच शेंगेन व्हिसा पुरतो, त्यामुळे त्या बाबींची चर्चा येथे करीत नाही.

अंतराचा मुद्दा मात्र प्रथम मांडला पाहिजे, कारण काही वाचकांचा निर्णय तेथेच होऊन जाईल. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. रेल्वेने तासाभरात पोहोचता येते आणि गाड्या दिवसभर असतात. हंगामात डॅन्यूबवरून बोटही जाते, तिला सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि परतताना, प्रवाहाविरुद्ध, थोडा अधिक. ल्युब्लियानाला मात्र व्हिएन्नाहून थेट गाडीनेही सुमारे सहा तास लागतात. तो प्रवास सुंदर आहे, सेमरिंगच्या घाटातला १८५४ मध्ये पुरा झालेला लोहमार्ग तर स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. पण सहा तास ते सहा तासच. तेव्हा ज्यांना रात्री व्हिएन्नालाच परतायचे आहे, त्यांनी ब्रातिस्लाव्हाचे तिकीट काढावे आणि पुढचे केवळ कुतूहल म्हणून वाचावे. ज्यांना व्हिएन्नाहून पुढे व्हेनिसला किंवा क्रोएशियात जायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र ल्युब्लियाना वाटेवरच पडते, आणि दोन रात्रींचा मुक्काम ठेवला तर मधला एक अख्खा दिवस हाती लागतो. मुक्कामाचा खर्च वाढतो, हे मान्य.

इतिहासाचे वजन पाहिले तर ब्रातिस्लाव्हाचे पारडे निःसंशय जड आहे. जर्मन भाषकांचे प्रेसबर्ग आणि हंगेरियनांचे पोझोन्यी ते हेच शहर. १५४१ मध्ये बुडा (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) तुर्कांच्या हाती पडल्यावर हंगेरीच्या राज्याचा कारभार येथूनच चालत असे, आणि १५६३ ते १८३० या काळात हंगेरीचे राज्याभिषेक येथल्या सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये होत असत. हॅब्सबर्ग राणी मारिया थेरेसाचा राज्याभिषेकही १७४१ मध्ये येथेच झाला. ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर डिसेंबर १८०५ मध्ये नेपोलियन आणि ऑस्ट्रिया यांच्यात झालेला तह येथल्या प्रायमेट राजवाड्यातला. एवढा इतिहास चार-पाच गल्ल्यांच्या परिसरात सामावलेला आहे आणि तो पायी फिरून पाहता येतो, ही एका दिवसाच्या पाहुण्यासाठी फार मोठी सोय आहे.

जुन्या शहराच्या फरसबंदीत पितळेचे छोटे मुकुट ठोकलेले आहेत. राज्याभिषेकाची मिरवणूक ज्या वाटेने जात असे, ती वाट त्यांनी दाखवलेली आहे. आईला हा प्रकार इतका आवडला की तिने नकाशा माझ्याकडून काढून घेऊन पर्समध्ये ठेवला आणि मान खाली घालून एकेक मुकुट शोधत आम्हालाच पुढे नेऊ लागली. मॅनहोलमधून डोके बाहेर काढून बसलेल्या चुमिलच्या पुतळ्याभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती; तिकडे आईने ढुंकूनही पाहिले नाही. मुकुटांच्या मागे मागे आम्ही कॅथेड्रलपाशी आलो. त्याच्या मनोऱ्याच्या टोकावर क्रॉसऐवजी उशीवर ठेवलेला सोनेरी मुकुट आहे, तो तिने मान उंच करून पाहिला. तोपर्यंतचा दिवस असा गेला होता की, ल्युब्लियाना पाहण्याची गरज आम्हाला पुढे कधी वाटली नसती.

अडचण सुरू झाली ती कॅथेड्रल पाहून किल्ल्याकडे निघाल्यावर. किल्ला समोरच्या टेकडीवर दिसतो, नकाशात तर दोन बोटांचे अंतर. पण मनोऱ्याला वळसा घालून पश्चिमेकडे येताच पायांसमोर मोठा वाहता रस्ता येतो, आणि तो कॅथेड्रलच्या इतका जवळून जातो की प्रथम पाहताना विश्वास बसत नाही. १९७२ मध्ये पुऱ्या झालेल्या डॅन्यूबवरील पुलाकडे जाणारा हा रस्ता. त्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याची जुनी ज्यू वस्ती मोठ्या प्रमाणात पाडण्यात आली आणि कॅथेड्रलच्या शेजारी उभे असलेले सिनेगॉगही गेले. आज त्या जागी काळ्या दगडाच्या भिंतीवर त्या सिनेगॉगची बाह्याकृती कोरलेली आहे. आम्ही तेथे उभे असताना आईने काहीतरी विचारले. मला ऐकू आले नाही. तिने पुन्हा विचारले, मी उत्तर दिले, ते तिला ऐकू गेले नाही. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "अरे, राजे इथूनच वर जायचे का?" मी नुसती मान हलवली, होय की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते.

पुढे पुलाखालून, बसथांब्यांच्या आणि रंगाने रंगवलेल्या खांबांच्या मधून वाट काढत आम्ही पलीकडे गेलो आणि चढण चढून किल्ल्यावर पोहोचलो. परंतु सकाळपासून जुळत आलेला धागा तेथे तुटला तो तुटलाच. किल्ला १८११ च्या आगीत जळाला आणि त्याचे पुनर्बांधकाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. त्याच्या पांढऱ्याशुभ्र, नव्या वाटणाऱ्या भिंती आईला मुळीच पटल्या नाहीत. वरून नदीचे दृश्य मात्र सुरेख आहे. संध्याकाळी आम्ही त्याच पुलाच्या खांबावर, तबकडीच्या आकाराच्या गच्चीत गेलो. सुमारे पंचाण्णव मीटर उंचीवरून खाली पाहिले तेव्हा केसांत भांग पाडावा तसा तो रस्ता जुन्या शहराच्या आणि किल्ल्याच्या मधून सरळ गेलेला दिसला. ज्या पुलाने हे सगळे घडवले, त्याच्याच माथ्यावरून शहर सर्वांत देखणे दिसते, हेही नमूद केले पाहिजे.

एखाद्या रस्त्याच्या आवाजावरून संपूर्ण राजधानीचा निकाल लावणे न्याय्य नाही, याची मला जाणीव आहे. पुण्यात चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाने वाहनांच्या आवाजाची तक्रार करावी, हेही थोडे विनोदीच. पण कदाचित म्हणूनच तो आवाज मला तेथे नको होता.

ल्युब्लियानाच्या जुन्या भागात गाड्या नाहीत. २००७ पासून तेथील मध्यवस्तीतले रस्ते टप्प्याटप्प्याने वाहनांसाठी बंद करण्यात आले. ही माहिती वाचून गेलो होतो, परंतु वाचणे आणि प्रत्यक्ष अनुभवणे यात फरक असतो. सकाळी साडेआठच्या सुमारास आम्ही ल्युब्लियानित्सा नदीवरच्या चांभार पुलावर उभे होतो. खाली पाणी संथ होते, काठावरच्या उपाहारगृहात कोणीतरी खुर्च्या मांडत होते आणि लोखंडी खुर्चीचा पाय दगडावर घासल्याचा आवाज आम्हाला पुलावर स्पष्ट ऐकू येत होता. आई कठड्याला टेकून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि मला ते सगळे ऐकू येत होते. माझ्या दृष्टीने दोन शहरांची तुलना त्या क्षणी संपली होती; उरलेला दिवस आम्ही केवळ आनंदाने घालवला.

या शहराची जडणघडण पुष्कळशी एका माणसाच्या हातची आहे. योझे प्लेच्निक हा वास्तुविशारद येथलाच, १८७२ चा जन्म. व्हिएन्नात ओटो वाग्नर या नामवंत वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकून, प्रागच्या किल्ल्यावर काम करून तो परतला आणि त्याने आपल्या गावाला राजधानीचे रूप दिले. प्रेशेरेन चौकापाशी १८४२ चा एक दगडी पूल होता. तो पाडून रुंद करण्याऐवजी प्लेच्निकने त्याच्या दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला. १९३२ पर्यंत ते काम पूर्ण झाले. वाहतूक वाढली म्हणून काय करावे, या एकाच प्रश्नाची ही दोन राजधान्यांची दोन उत्तरे आहेत, आणि मला त्यांतले कोणते भावले हे एव्हाना लपून राहिलेले नसावे. नदीकाठची स्तंभांच्या रांगेची मंडई त्याचीच, आणि विटा व दगड यांच्या खडबडीत भिंतीचे राष्ट्रीय ग्रंथालयही त्याचेच. तेथे काळसर संगमरवराच्या बत्तीस खांबांमधून अंधाऱ्या जिन्याने वर चढावे लागते आणि मग उजेडात येता येते. २०२१ मध्ये त्याच्या ल्युब्लियानातील कामाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. ज्यांनी नुकतेच व्हिएन्ना किंवा प्राग पाहिले आहे, त्यांना तेथील धागे येथे ओळखू येतात.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आणखी दोन सोयींचा उल्लेख करावा लागेल. किल्ल्यावर जाण्यासाठी तारेवर ओढली जाणारी गाडी आहे आणि ती मिनिटभरात वर पोहोचवते; शिवाय मध्यवस्तीत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या फिरतात, त्यांत बसण्यास पैसे पडत नाहीत. आईने ती गाडी हात दाखवून थांबवली, आपल्याकडे रिक्षा थांबवतात तशी, आणि चालकाला मराठीतच "थांबा हो जरा" म्हटले. गाडी थांबली.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी वाचकांसाठी थोडे सांगतो. ब्रातिस्लाव्हात ब्रिंझोव्हे हालुश्की, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये घोळवलेले बटाट्याचे छोटे गोळे, हा प्रमुख पदार्थ. मात्र त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे पेरण्याची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच ते नकोत असे सांगावे. तेथील रोझ्की, म्हणजे सारण भरून भाजलेल्या वळलेल्या छोट्या पेस्ट्री, मात्र निर्धास्तपणे घ्याव्यात. खसखशीच्या सारणाची घोड्याच्या नालेसारखी असते, अक्रोडाची इंग्रजी C अक्षरासारखी. खसखशीची अधिक चांगली, असे आमच्या तिघांचे एकमत झाले. ल्युब्लियानात श्त्रुक्ली नावाचे गुंडाळून उकडलेले प्रकार मिळतात, त्यांत ताज्या पनीरसारख्या चीजपासून अक्रोडापर्यंत नाना सारणे असतात. पोटभरीच्या दृष्टीने मला येथे अधिक सोपे गेले. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत शुक्रवारी, पाऊस नसेल तर, मंडईजवळच्या चौकात खाद्यपदार्थांचा उघडा बाजार भरतो. शक्य असल्यास तोच वार गाठावा. रविवारी मात्र मंडई बंद असते आणि तेथल्या सकाळची अर्धी गंमत निघून जाते.

ल्युब्लियानाच्या उणिवाही सांगणे प्राप्त आहे. भव्य राजवाडे, सम्राटांच्या पाऊलखुणा, मोठमोठे तह यांची ओढ असलेल्या माणसाला हे शहर किरकोळ वाटू शकते. १८९५ च्या भूकंपात बरेच काही पडले, त्यामुळे जुन्या वाटणाऱ्या अनेक इमारती त्यानंतरच्या आहेत. दुपारी तीन-चारपर्यंत 'पाहण्यासारखे' संपते आणि मग नुसते नदीकाठी बसायचे उरते. ज्यांना तसे बसवत नाही त्यांनी विचार करावा. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात येथे धुके दाटते व पाऊसही पुष्कळ पडतो, त्यामुळे नोव्हेंबरातल्या प्रवाशाला मी हा आग्रह करणार नाही. उलट ब्रातिस्लाव्हाजवळचा देव्हीन हा मोराव्हा आणि डॅन्यूबच्या संगमावरचा भग्न किल्ला असा आहे की, त्याच्या तोडीचे काही ल्युब्लियानाच्या वेशीवर मला सापडले नाही. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रिया. १९८९ पर्यंत मधून पोलादी पडदा, म्हणजे साम्यवादी पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यातली बंद सीमा, जात होता. आम्ही त्याला वेळ दिला नाही, याची रुखरुख आजही आहे.

तेव्हा ब्रातिस्लाव्हाच निवडणार असाल, तर आमचा क्रम उलटा करावा असे सुचवतो. सकाळी उतरल्यावर आधी किल्ला उरकावा, मग त्याच पुलाखालच्या थांब्यावरून एकोणतीस क्रमांकाच्या बसने देव्हीनला जाऊन यावे, आणि दुपारनंतर जुन्या शहरात शिरून पितळी मुकुटांच्या मागे फिरत राहावे; कॅथेड्रल पाहून झाल्यावर मनोऱ्याच्या पश्चिमेला न जाता आल्या वाटेने मागे वळावे. ल्युब्लियाना निवडणार असाल, तर मुक्काम नदीपासून दहा मिनिटांच्या आत शोधावा आणि दुकाने उघडण्यापूर्वी पुलावर जावे.