अलॉय व्हील्स: नुसते पॉलिश की पावडर कोटिंग?

अलॉय व्हील्स म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके; त्यांच्या उघड्या धातूला बफिंग करून (कापडी चाकाने घासून) आणलेली आरशासारखी चमक पावडर कोटिंगला येत नाही, हे मान्यच करावे लागेल. मात्र हवेशी संयोग होऊन हा धातू हळूहळू मंद पडतो आणि मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हातच वाळू दिली, की नटांभोवती व आऱ्यांच्या कोपऱ्यांत क्षारांचे पांढरे ठिपके धरतात. ते काढायला ॲसिड वापरले, तर उरलीसुरली झळाळीही जाते. म्हणजे दर काही आठवड्यांनी पॉलिश आणि मेण आलेच. हौस असेल त्याने ते करावे.

पावडर कोटिंगमध्ये रंगाची भुकटी विद्युतभाराने चाकावर बसवून साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. चंदेरी थरावर पारदर्शक थर दिला, तर चमक आरशाइतकी नसली तरी पुरेशी असते आणि ब्रेकची काळी धूळ साबणाच्या पाण्याने निघते. खडी लागून थराचा टवका उडाल्यास मात्र तो लगेच बुजवावा, अन्यथा थराखाली गंज पसरतो. रोजच्या गाडीसाठी मी पावडर कोटिंगच निवडेन.