कुकाबुरा, कोआला, कांगारू: चांदीची नाणी काही महिने सांभाळल्यावर

पर्थ मिंट या ऑस्ट्रेलियातल्या टांकसाळीची ही तिन्ही नाणी बरेच महिने माझ्याकडे आहेत, अधूनमधून काढून भिंगाखाली बघत असतो, म्हणून आता जरा खात्रीने लिहितो. तिन्ही एक ट्रॉय औंसची, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि चांदी ९९.९९ टक्के. पण माझा जीव जडलाय तो कुकाबुरावर.

कुकाबुरा म्हणजे खंड्याच्या कुळातला पक्षी, त्या कुळातला सगळ्यात मोठा, पण मासे कमी आणि सरडे, साप, किडेच जास्त खाणारा. ही मालिका १९९० पासून चालू आहे आणि चित्र दरवर्षी वेगळं असतं, त्यामुळे दोन वर्षांची नाणी शेजारी ठेवली की पिसांचं काम, फांदी, बसण्याची ढब सगळं निरखत बसावंसं वाटतं. गंमत म्हणजे नाणं पर्थमध्ये, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियात पाडलं जातं पण पक्षी मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियातला, पश्चिमेकडे त्याला माणसाने नेलं. कोआलाही पूर्वेचाच, त्याची मालिका २००७ ची, तेही सुंदर आहे पण दोन-चार वर्षांची बघितली की मला तोचतोचपणा जाणवतो. कांगारूचं बुलियन, म्हणजे धातूच्या किमतीसाठी घ्यायचं नाणं २०१६ सालच्या नाण्यापासून सुरू झालं, त्याचं चित्र बदलत नाही, मागे सूर्यकिरणांसारख्या रेषा आहेत आणि त्या रेषांमुळे बारीक ओरखडे लपतात, कुकाबुराच्या गुळगुळीत भागावर मात्र बोटाचा ठसासुद्धा लगेच दिसतो.

नुसती चांदी साठवायची असेल तर कांगारूच घ्या, चांदीच्या भावावर प्रीमियम, म्हणजे वरची जादा रक्कम, कमी पडतो. कुकाबुराला जास्त मोजावे लागतात आणि विकताना ते सगळे परत मिळतीलच असं नाही, तरी चित्रासाठी मला ते पटतं.

आता डागांचं. माझ्याकडच्या दुसऱ्या एका टांकसाळीच्या नाण्यावर काही महिन्यांनी पांढरे दुधाळ ठिपके उमटले, हे कुठल्याही टांकसाळीच्या शुद्ध चांदीवर येऊ शकतात आणि पुसून जात नाहीत, उगाच घासत बसू नका, घासलं की मूळची झळाळी जाते आणि किंमतही. काळवंडणं वेगळं, ते हवेतल्या गंधकामुळे होतं. कुकाबुरा आणि कोआला मिंटच्याच कॅप्सूलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बंद गोल डबीत येतात, ती उघडूच नका. कांगारू सहसा ट्यूबमध्ये सुटं येतं, त्याला कॅप्सूल वेगळी घ्या, पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटं अजिबात नकोत, त्यातून हिरवट चिकट थर बसतो. आणि हाताळायचंच असेल तर कडेला धरून, खाली मऊ कापड पसरून.